बारदान वजा

पाव किलो काजूगर घ्यायला मी वेंगुर्ल्यातल्या एका व्यापाऱ्याकडे गेले होते. गर निवडण्यासाठी दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून खांद्यावरची पर्स दाराशी टेकवली, आणि मान वळवेपर्यंत हमालाने ती उचलून काट्यावर ठेवली.

पर्स गोणपाटाची, मी स्वतः शिवलेली. गोणपाटाला कात्री लागताच कडेचे धागे सुटू लागतात, म्हणून प्रत्येक कडेला आधी जुन्या सुती लुगड्याची पट्टी घालावी लागते. बंद जोडताना चार पदर एकत्र आले की १४ नंबरची सुई मोडते आणि १८ नंबरची लावावी लागते. तागाचे बारीक तंतू नाकात जाऊन शिंका येतात त्या वेगळ्याच. आत त्याच लुगड्याचे अस्तर आणि वर करवंटीचे बटण, पॉलिशपेपरने बोटे सोलेपर्यंत घासलेले.

“बारदान वजा कर रे,” शेठ वहीतून मान वर न काढता म्हणाले. बारदान म्हणजे माल भरायचे पोते; म्हणजे माझी सगळी कलाकुसर हिशेबातून वजा!

काजूची बी विकायला आलेले एक आजोबा पुढे सरसावले. “चार नंबर काय सात नंबर?” वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राने काढलेल्या काजूच्या जातींविषयी ते विचारत होते.

“आजोबा, ही पर्स आहे.”

“मगे बी खंय आसा?”

“बी नाही. पैसे आहेत, मोबाईल आहे.”

त्यांनी करवंटीचे बटण नखाने टोकरून पाहिले, अस्तर उलटून पाहिले आणि अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल असे विचारले, “बारदानाक लुगडा कित्याक गो नेसवलंस?”

दुकान हसले. मीही हसले, पण दात दाखवण्यापुरतेच. प्लास्टिकच्या पिशव्यांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, तरी शेठनी माझे गर पातळ प्लास्टिकच्या पिशवीतच बांधले आणि त्याचे कोणालाही हसू आले नाही. पावसाळ्यात ताग ओल धरतो, त्यावर बुरशी येते, त्याला अधूनमधून ऊन दाखवावे लागते; एवढे सोसून आपण पर्यावरण सांभाळायचे आणि वर हे ऐकून घ्यायचे.

निघताना आजोबांनी अशाच चार पर्सची मागणी नोंदवली. “पावसात लाकडां झाकूक बरी.” मी तोऱ्यात एकीचे सहाशे रुपये सांगितले.

“बी भरून?” त्यांनी विचारले.