मदर लव्ह बोनला ग्रंजच्या खात्यात टाकू नका

अमेरिकेतल्या सिॲटलचा मदर लव्ह बोन हा ग्रंज, म्हणजे पंक आणि मेटल मिसळलेलं तिथलं खरखरीत रॉक वाजवणारा, बँड नव्हता. हे ठासून लिहावंसं वाटलं, कारण 'ग्रंज कुठून आलं' असा विषय निघाला की हे नाव हमखास यादीत येतं, आणि त्यापुढे माहिती काय, तर यातले दोघे नंतर पर्ल जॅम या गाजलेल्या बँडमध्ये गेले. संपलं. गायकाच्या वाट्याला अर्धी ओळ येते, तीही तो हेरॉइनने गेला एवढं सांगण्यापुरती. ज्या माणसाच्या आवाजावर, शब्दांवर आणि हौसेवर हा अख्खा बँड उभा होता, त्या अँड्र्यू वुडला असं दुसऱ्या कुणाच्या तरी गोष्टीतली प्रस्तावना करून टाकणं मला सहन होत नाही.

आधी इतिहास, कारण वादातल्या निम्म्या गोष्टी तिथेच सुटतात.

सिॲटलमध्ये 1984 साली ग्रीन रिव्हर नावाचा बँड सुरू झाला. मार्क आर्म गायक, स्टोन गॉसर्ड गिटारवर, जेफ अमेंट बेसवर. पहिला गिटारवादक स्टीव्ह टर्नर लवकर बाहेर पडला आणि त्याच्या जागी ब्रूस फेअरवेदर आला. 1987 मध्ये सब पॉप या छोट्या रेकॉर्ड कंपनीने त्यांची 'ड्राय ॲज अ बोन' ही रेकॉर्ड काढली आणि तिच्या जाहिरातीत 'ग्रंज' हा शब्द वापरला. म्हणजे हे लेबल ज्यांच्यावर सगळ्यात आधी डकवलं गेलं, त्यांच्यात ग्रीन रिव्हर होता. इथपर्यंत कुणाचंच दुमत नसावं. पण तो बँड फुटला कशावरून? मार्क आर्मला पंकची वाट सोडायची नव्हती, अमेंट आणि गॉसर्डला मोठ्या कंपनीकडे जायचं होतं. 1987 च्या ऑक्टोबरमध्ये काडीमोड झाला. आर्मने टर्नरला पुन्हा गाठून मडहनी काढला. गॉसर्ड, अमेंट आणि फेअरवेदर अँड्र्यू वुडकडे गेले.

ही फाळणी नीट बघा. ग्रंज म्हणून आज आपण जे ओळखतो तो फाटका, घाणेरडा, फझ पेडलने (गिटारचा आवाज फाडणाऱ्या उपकरणाने) भरलेला आवाज मडहनीकडे गेला. 1988 चा 'सुपरफझ बिगमफ' ऐकला की शंका उरत नाही. उरलेले तिघे त्या आवाजापासून मुद्दाम दूर गेले. ज्यांनी एक गोष्ट विचार करून सोडली, त्यांच्याच माथी ती पुन्हा मारायची हे मला पटत नाही.

आता वुड. हा मुलगा बेनब्रिज बेटावर वाढला. 1980 मध्ये, जेमतेम चौदाव्या वर्षी, त्याने भाऊ केव्हिनबरोबर मॅलफंक्शन हा बँड काढला. स्टेजवर तो 'लँड्र्यू द लव्ह चाइल्ड' व्हायचा. तोंडाला पांढरा रंग फासून, झगमगीत कपडे घालून यायचा. सगळे हेवी बँड 666 या सैतानाच्या आकड्याचा जप करत होते तेव्हा हा बँड 333 म्हणत प्रेमाचं रॉक गात होता. क्वीन, किस, एल्टन जॉन ही त्याची दैवतं. समोर एखाद्या बारमध्ये मोजकी माणसं उभी असली तरी तो स्टेडियम भरल्यासारखा गायचा, हातवारे करायचा, लोकांशी बोलायचा. त्यात थट्टा होती, पण स्टार होण्याची इच्छा मात्र शंभर टक्के खरी होती. ग्रंजच्या सगळ्या वृत्तीच्या हे नेमकं उलट आहे. तिथे स्टार असणं ही लाज वाटण्याची गोष्ट होती.

1988 मध्ये ग्रेग गिलमोर ड्रम्सवर आला आणि मदर लव्ह बोन पूर्ण झाला. (गिलमोर आधी टेन मिनिट वॉर्निंगमध्ये होता, आणि त्याच बँडमध्ये डफ मॅकेगनही होता, जो पुढे लॉस एंजेलिसच्या गन्स एन' रोझेसचा बेसिस्ट झाला. सिॲटल आणि लॉस एंजेलिस यांच्यामध्ये आपण जी भिंत कल्पतो ती इतकी उंच कधीच नव्हती.) त्याच वर्षी पॉलीग्राम या बड्या रेकॉर्ड कंपनीने त्यांना करारबद्ध केलं, बँडसाठी 'स्टारडॉग' नावाचं वेगळं लेबल काढलं. मार्च 1989 मध्ये 'शाइन' ही ईपी (मोजक्या गाण्यांची छोटी रेकॉर्ड) आली. वुडच्या हयातीत निघालेली मदर लव्ह बोनची रेकॉर्ड ही एवढीच. 'ॲपल' हा अल्बम तयार होता, 1990 च्या वसंतात यायचा होता. 16 मार्चला वुड बेशुद्धावस्थेत सापडला आणि 19 मार्चला गेला. वय 24. 'ॲपल' जुलैमध्ये आला, तेव्हा बँडच उरला नव्हता.

ग्रंजवाल्यांचा पहिला मुद्दा असा असतो की शहर सिॲटल, माणसं तीच, वर्षं तीच, मग अजून काय हवं? यावर माझं उत्तर आपल्याच संगीतातलं आहे. अल्लादिया खाँसाहेब कोल्हापुरात राहिले, म्हणून त्यांच्या गायकीला कुणी कोल्हापूर घराणं म्हणत नाही. गायकी जयपूर-अत्रौलीचीच. कोण कुठे राहत होतं आणि कुणाबरोबर उठत-बसत होतं यावरून घराणं ठरत नसतं, गळ्यातून काय निघतं यावरून ठरतं.

दुसरा मुद्दा खरंच वजनदार आहे. ते म्हणतात, ग्रंज हा एक आवाज नाहीच. निर्वाणा आणि ॲलिस इन चेन्स या ग्रंजमधल्या दोन मोठ्या नावांत तरी काय सारखं आहे? आणि ॲलिस इन चेन्ससुद्धा सुरुवातीला केस फुगवून ग्लॅमच, म्हणजे भडक मेकअपवालं झगमगीत रॉक, वाजवत होते की! हे सगळं मला मान्य आहे. 1986 च्या 'डीप सिक्स' या संकलनात मॅलफंक्शन, ग्रीन रिव्हर, मेल्व्हिन्स, साउंडगार्डन, स्किन यार्ड आणि यू-मेन शेजारी शेजारी आहेत आणि सहाही जणांचा बाज वेगळा आहे. पण यातून निष्कर्ष काय निघतो? एवढाच की सिॲटलमध्ये पंक होतं, मेटल होतं आणि ग्लॅमही होतं. ग्लॅम म्हणजे ग्रंज, असं त्यातून निघत नाही. वर्तुळ इतकं मोठं करायचं असेल की त्यात मेल्व्हिन्सही बसले पाहिजेत आणि वुडही, तर त्याला सरळ 'सिॲटलचं रॉक' म्हणा. माझी काही हरकत नाही.

खरं तर गाणी ऐकली की हा वादच मिटतो. 'क्लोई डान्सर' आणि 'क्राउन ऑफ थॉर्न्स' हे 'शाइन'वरचं जोडगाणं घ्या. आठ मिनिटांहून मोठं. आधी नुसता पियानो आणि वुडचा आवाज, थोडा थकलेला, पण प्रत्येक शब्द सावकाश उलगडणारा. मग गिटार येते, तीही हल्ला करत नाही, हळूहळू जागा भरत जाते. शेवटाकडे तो आवाज वर चढवतो तेव्हा त्यात राग शोधून सापडत नाही, विनवणी असते. असं गाणं लिहिणारा माणूस एल्टन जॉन ऐकत मोठा झालाय हे सांगावं लागत नाही. किंवा 'ॲपल'मधलं 'स्टारडॉग चॅम्पियन' ऐका. त्यात लहान मुलांचा कोरस आहे! 1990 चा कुठला ग्रंज बँड लहान मुलांकडून विजयगीत गाऊन घेईल? 'होली रोलर'मध्ये तर तो गाणं मध्येच थांबवून धर्मोपदेशकासारखं प्रवचन देतो. ही सत्तरच्या दशकातल्या मोठ्या रॉकची नाटकी, रंगीत, खुल्या छातीची परंपरा आहे.

मग ग्रंजचा शिक्का बसला कधी? माझ्या मते 1992 मध्ये, वुड जाऊन दोन वर्षं झाल्यावर. आधी त्याचा रूममेट, साउंडगार्डनचा गायक क्रिस कॉर्नेल याने त्याच्यासाठी गाणी लिहिली, त्यातून एप्रिल 1991 मध्ये 'टेम्पल ऑफ द डॉग' हा अल्बम आला. या प्रकल्पाचं नावही वुडच्याच एका गाण्यातल्या ओळीतून घेतलेलं. ऑगस्टमध्ये पर्ल जॅमचा पहिला अल्बम 'टेन' आला. मग 1992 मध्ये 'सिंगल्स' या सिनेमाच्या अल्बममध्ये तेच 'क्लोई डान्सर' साउंडगार्डन, मडहनी, ॲलिस इन चेन्स आणि पर्ल जॅमच्या रांगेत बसलं. त्याच वर्षी कंपनीने 'शाइन' आणि 'ॲपल' एकत्र करून पुन्हा बाजारात आणले. आपल्याकडे मुंबई-पुण्यात ज्यांनी हे नाव ऐकलं त्यातले बरेचसे याच वाटेने आले, आधी 'टेन' आणि मग मागे मागे जात. उलट्या दिशेने चालत आलेल्याला प्रत्येक गोष्टीत पर्ल जॅमच दिसणार. त्यात श्रोत्याचा दोष नाही, पण इतिहास लिहिणाऱ्याने तरी काळ सरळ दिशेने वाचावा.

आणि हो, 'तो जगला असता तर ग्रंजचा राजा झाला असता' आणि 'तो जगला असता तर पर्ल जॅम झालाच नसता', ही दोन्ही वाक्यं मला नकोशी वाटतात. दोन्हींत वुडच्या मरणाचा हिशोब दुसऱ्यांच्या यशाशी लावलेला असतो. 'शाइन' आणि 'ॲपल' मिळून त्याने मागे दीड तासही न भरणारं संगीत ठेवलंय. त्यावर बोलू या ना.

नव्याने ऐकणाऱ्यांनी 'शाइन'पासून सुरुवात करा, 'ॲपल' नंतर, आणि पर्ल जॅम आठवडाभर बाजूला ठेवा. आणि ज्यांना अजूनही हा ग्रंज बँड वाटतो त्यांनी कॉमेंटमध्ये 'ॲपल'वरचं एक गाणं नावानिशी सांगा आणि त्यात ग्रंज कुठे आहे ते लिहा. 'कम बाइट द ॲपल'चा रिफ (पुन्हा पुन्हा येणारा गिटारचा तुकडा) थोडा त्या बाजूला झुकतो, एवढं मी आधीच मान्य करतो. त्यापलीकडचं दाखवा.