नकाराचं कारण लेखी द्या

बाबा गेल्यापासून त्यांचा ठाण्याचा वन बीएचके भाड्याने द्यायची जबाबदारी दादाकडे आहे. मी इथे, अमेरिकेत, सिएटलला. गेल्या महिन्यात एक जोडपं घर बघायला आलं. लातूरकडचं. तो बँकेत, ती शाळेत शिक्षिका. तिने स्वयंपाकघरातला नळ सोडून बघितला, पाणी किती वाजता येतं ते विचारलं, ओट्याच्या कडेवरून हात फिरवला. दादा फोनवर म्हणाला, "अगं, आई असंच करायची कुठलंही घर बघायला गेली की." निघताना त्या माणसाने स्वतःहून सांगितलं, "आम्ही बौद्ध आहोत. नंतर अडचण नको, म्हणून आधीच सांगतो." दादाने टोकन घेतलं.

दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या सेक्रेटरींनी दादाला बोलावलं. आडनाव दोनदा विचारलं आणि "कमिटीला जमणार नाही" एवढंच म्हणाले. कारण दिलं नाही. खरं तर आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या सरकारच्या नमुना नियमांप्रमाणे, घर भाड्याने द्यायला सोसायटीची परवानगी लागतच नाही, कळवलं की पुरतं. पण लिफ्टमध्ये रोज याच लोकांची तोंडं बघायची असतात. दादाने टोकन परत केलं. मला सांगताना त्याचा आवाज खाली गेला होता. आणि मी? बारा हजार किलोमीटरवरून काय बोलायचं, असं म्हणून दोन दिवस गप्प बसले.

हे लिहितेय ते त्या गप्प बसण्याचा त्रास झाला म्हणून.

मी राहते त्या शहरात महापालिकेचा स्वतःचा मानवी हक्क आयोग आहे. 1963 मध्ये तो स्थापन झाला तोच घरांच्या प्रश्नावरून. तेव्हा सिएटलमध्ये काळ्या कुटुंबांना सेंट्रल डिस्ट्रिक्ट हा एक भाग सोडून दुसरीकडे घर मिळणं जवळजवळ अशक्य होतं. कितीतरी वस्त्यांच्या खरेदीखतांतच लिहिलेलं असायचं की ही जागा काळ्यांना, ज्यूंना किंवा आशियाई वंशाच्या माणसाला विकायची नाही, भाड्याने द्यायची नाही. आशियाई म्हणजे मीसुद्धा. ज्या टेकड्यांवरून मी आज संध्याकाळी फिरायला जाते, तिथल्या काही घरांच्या जुन्या कागदांवर माझ्यासारखीला मज्जाव होता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1948 मध्ये असली कलमं अंमलात आणायला मनाई केली, तरी एजंट आणि घरमालक जुन्याच रीतीने वागत राहिले.

आयोगाचं पहिलं मोठं काम म्हणजे घर देताना भेदभाव करण्यावर बंदी घालणारा कायदा सुचवणं. नगर परिषदेने तो थेट मतदारांपुढे ठेवला. मार्च 1964 मध्ये मतदारांनी तो दोनास एकपेक्षाही मोठ्या फरकाने फेटाळला. आज उदारमतवादी म्हणून मिरवणाऱ्या शहराची ही गोष्ट आहे, आणि "आपल्या लोकांची अजून तयारी नाही" असं कुणी म्हणालं की मला ती हटकून आठवते. पुढची चार वर्षं आयोग, चर्चमधली माणसं, कृष्णवर्णीयांच्या संघटना दारोदार फिरत राहिल्या. परिषदेवर निवडून आलेले पहिले कृष्णवर्णीय सदस्य सॅम स्मिथ यांनी एप्रिल 1968 मध्ये, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर दोन आठवड्यांनी, तो कायदा मंजूर करून घेतला. या खेपेला एकमताने.

त्यानंतर कशाकशावरून भेदभाव करायचा नाही, ती यादी वाढत गेली. आणि 21 फेब्रुवारी 2023 रोजी त्या यादीत 'जात' हा शब्द आला. असं करणारं अमेरिकेतलं हे पहिलं शहर. ठराव मांडणाऱ्या नगर परिषद सदस्य क्षमा सावंत पुण्यात जन्मलेल्या, मुंबईत वाढलेल्या. सहा विरुद्ध एक असं मतदान झालं आणि सभागृहात "जय भीम" घुमलं. ते ऐकताना माझे डोळे भरून आले होते.

माझ्या ओळखीतल्या कितीतरी मराठी घरांत त्या आठवड्यात मात्र सुतकी वातावरण होतं. "इथे कोण जात बघतं? उगाच आपल्यावर बोट दाखवलं जाणार. ऑफिसात आपल्या पोरांकडे संशयाने बघतील." ही भीती मी उडवून लावत नाही. परक्या देशात सावळ्या माणसाला आणखी एका शिक्क्याची धास्ती वाटणारच. आकड्यांवरूनही वाद आहे. दलित संघटनांच्या एका पाहणीत बहुसंख्य दलितांनी कामाच्या ठिकाणी भेदभाव झाल्याचं सांगितलं, तर कार्नेगी या अमेरिकी अभ्याससंस्थेच्या 2021 च्या पाहणीत इथल्या सगळ्या भारतीयांपैकी जेमतेम पाच टक्क्यांनी जातीवरून त्रास झाल्याचं म्हटलं. पण हे पाच टक्के सगळ्यांमधले आहेत, आणि इथे आलेल्यांत बहुतेक सवर्णच आहेत. चप्पल कुठे चावते हे ती घालणाऱ्यालाच विचारायला हवं. शिवाय कायद्यात कुठल्या धर्माचं नाव नाही. जो जातीवरून नोकरी, घर किंवा सेवा नाकारणार नाही, त्याला या कायद्याने काय फरक पडतो?

या कायद्याच्या मर्यादाही मला दिसतात. तो सिएटलच्या हद्दीपुरताच आहे. पूल ओलांडून बेलव्ह्यू-रेडमंडला गेलं, जिथे आपली हजारो माणसं राहतात आणि नोकऱ्या करतात, की तो लागू नाही. सगळ्या कॅलिफोर्निया राज्यासाठी असाच कायदा विधिमंडळाने मंजूर केला, पण आधीचे कायदे पुरेसे आहेत म्हणून गव्हर्नर न्यूसम यांनी ऑक्टोबर 2023 मध्ये तो नाकारला.

तरीही मला भावतं ते इथलं तक्रारीचं दार. आयोगातले लोक स्वयंसेवक असतात, शहरातलेच नागरिक. तक्रारींची चौकशी महापालिकेचं नागरी हक्क कार्यालय करतं. फी नाही, वकील लागत नाही, दुभाषा फुकट मिळतो. आणि एक गोष्ट तर मला फारच आवडते: कार्यालय स्वतः घरमालकांची परीक्षा घेतं. मिळकत सारखी, नोकरी सारखी, फक्त वर्ण किंवा धर्म वेगळा, अशी दोन माणसं एकाच फ्लॅटची चौकशी करतात. एकाला "या, बघून जा" आणि दुसऱ्याला "गेला हो कालच" असं उत्तर मिळालं की ते कागदावर येतं. नकार नेहमी गोड बोलून दिला जातो, तो पकडायचा तर असाच पकडावा लागतो. हीच पद्धत वापरून सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली आणि आसपासच्या भागात भाड्याच्या घरांचा अभ्यास केला होता. दलितांना नकार जास्त, मुसलमानांना सगळ्यांत जास्त. म्हणजे आपल्याकडे हे मोजता येतं, आपल्याच माणसाने मोजलंय. मोजल्यावर पुढे जायला दार नाही.

महाराष्ट्रात राज्य मानवी हक्क आयोग आहे. पण 1993 च्या कायद्याप्रमाणे तो बघतो ते सरकारी माणसाने केलेलं उल्लंघन किंवा त्याची हयगय, आणि शेवटी शिफारसच करू शकतो. सोसायटीच्या सेक्रेटरींपर्यंत त्याचा हात पोचत नाही. ॲट्रॉसिटीचा कायदा आहे, 2016 चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदाही आहे, आणि त्याबद्दल महाराष्ट्राचा मला अभिमान आहे. पण ती फौजदारी वाट. पोलिस स्टेशन, जबाब, तारखा. ज्याला येत्या एक तारखेला सामान कुठे उतरवायचं ते ठरवायचंय, तो तिकडे जात नाही, दुसरी गल्ली धरतो. आणि खाजगी सोसायटीने एकाच समाजाला सभासदत्व द्यायचं ठरवलं तर भेदभावाला मनाई करणारं राज्यघटनेचं कलम 15 आड येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये अहमदाबादच्या पारशी सोसायटीच्या खटल्यात म्हटलं आहे.

सप्टेंबर 2023 मध्ये मुलुंडला एका मराठी बाईंना ऑफिससाठी जागा नाकारली, तेव्हा मीही इथे बसून चिडले. तो राग खराच होता. त्यातून नव्या इमारतींत मराठी माणसासाठी 50 टक्के घरं राखून ठेवण्याची मागणी पुढे आली. मला हे अर्धवट वाटतं. आमच्या ठाण्याच्या सोसायटीत नकार देणारे मराठीच आहेत आणि नकार मिळालेलेही मराठीच. राखीव कोटा करून त्या लातूरच्या बाईला तो ओटा मिळणार आहे का? सिएटलने पन्नास-साठ वर्षांत केलं ते असं: घर नाकारायचं तर भाडं भरायची ऐपत बघा, आधीच्या घरमालकाचा अनुभव बघा, वंश, धर्म, जात बघायची नाही. मराठी, मुसलमान, बौद्ध, एकटी बाई, सगळ्यांना तोच कायदा. तो महाराष्ट्रात व्हावा, आणि त्याची तक्रार वॉर्ड ऑफिसात, मराठीत, फुकट घेतली जावी.

बाबासाहेब अमेरिका-लंडनमध्ये शिकून 1917 मध्ये बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळाली नव्हती. पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून राहिले, काही दिवसांनी काठ्या घेतलेल्या माणसांनी हाकललं. मित्रांनी टाळलं. रात्रीच्या गाडीची वाट बघत ते कामाठी बागेत बसून राहिले. त्यांनीच हे लिहून ठेवलंय. परदेशात आपण अस्पृश्य आहोत हे विसरायला झालं होतं, असंही. मी परदेशातच राहते, म्हणून ते वाक्य मला फार लागतं.

तिसऱ्या दिवशी मी दादाला फोन केला. त्या जोडप्याला विचारलं, ते अजून घर शोधतायत. मग आम्ही दोघांनी मिळून, फोन स्पीकरवर ठेवून, सेक्रेटरींना अर्ज लिहिला. चार ओळींचा. भाडेकरू ठेवत असल्याबद्दल कळवत आहोत, हरकत असल्यास कारणासह लेखी द्यावी. दादाने ऑफिसात जाऊन पोच घेतली, तिचा फोटो मला पाठवला. शिक्का थोडा तिरका पडलाय, तारीख नीट वाचता येते.

उत्तर अजून आलेलं नाही. ती दोघं रविवारी माप घ्यायला येणार आहेत, खिडकीच्या पडद्यांचं.