मेबलवर 'दोन शब्द' बोलणाऱ्यांसाठी

गेल्या रविवारी एका फिल्म क्लबच्या कार्यक्रमाला तिकीट काढून गेले होते. मूकपटातली विनोदी अभिनेत्री मेबल नॉर्मंड, तिची कारकीर्द आणि नंतर तिचा 'द एक्स्ट्रा गर्ल', असा बेत होता. वक्ते भलतेच तयारीचे निघाले. त्यांना ऐकून पटलं, की असं बोलायचंही एक शास्त्र असतं. उद्या तुमच्यावरही ही वेळ येईल. आठ मार्च काही लांब नसतो. तेव्हा हे जवळ असू द्या.

सुरुवात चॅप्लिनपासून करा. शेवटही चॅप्लिननेच करा. मधे वेळ उरलाच, तर मेबल. 'चॅप्लिनची नायिका' म्हटलं की श्रोते माना डोलावतात, तुमचं काम झालं. १९१४ च्या सुरुवातीला चॅप्लिन लॉस एंजेलिसच्या कीस्टोन स्टुडिओत नवखा होता आणि मेबल तिथली सगळ्यात मोठी तारका होती, हे चुकूनही बोलू नका. तेव्हा चित्रपट तिच्या नावावर निघायचे: 'मेबल्स स्ट्रेंज प्रेडिकामेंट', 'मेबल ॲट द व्हील', 'मेबल्स बिझी डे'. यातल्या पहिल्यासाठीच चॅप्लिनने ती ढगळ पँट, आखूड कोट, डर्बी हॅट आणि छडी पहिल्यांदा अंगावर चढवली. दिग्दर्शन मेबलचं. झिंगलेला चार्ली हॉटेलच्या लॉबीत कुत्र्याच्या साखळीत अडकून पडतो, आणि वर मेबल पायजम्यात खोलीबाहेर अडकते, लपायला शेवटी समोरच्या परक्या माणसाच्या पलंगाखाली शिरते. जगभर ज्याचं चित्र छत्र्यांवर आणि मगांवर छापलं जातं तो भटक्या तिच्या कॅमेऱ्यासमोर जन्मला. पण हे सांगत बसलात तर चॅप्लिनला वेळ कमी पडेल.

'मेबल ॲट द व्हील'चा किस्सा मात्र सांगाच. अर्थात चॅप्लिनच्या बाजूने. दृश्यात त्याला रस्त्यावर नळीने पाणी मारायचं असतं. तो सुचवतो: मी नळीवर पाय देतो, पाणी थांबतं, मी नळीच्या तोंडात डोकावतो, पाय निघतो, पाणी थेट तोंडावर. मेबल म्हणते, वेळ नाही, सांगितलंय तेवढं कर. स्वारी रुसून रस्त्याच्या कडेला जाऊन बसते. हे त्याने स्वतःच आत्मचरित्रात लिहिलंय, तब्बल पन्नास वर्षांनी, आणि राग तोवरही पुरता गेलेला दिसत नाही. आमच्या वक्त्यांनी यावरून निष्कर्ष काढला, की 'मेबलला विनोदाची तेवढी जाण नव्हती.' अहो, पाण्याच्या नळीचा तो विनोद सिनेमाची सुरुवात करणाऱ्या ल्युमिएर बंधूंनी १८९५ मध्येच करून ठेवला होता! एकोणीस वर्षांचा शिळा विनोद दिग्दर्शिकेने नाकारला, तर जाण कोणाला होती? तेच एखादा मिशीवाला दिग्दर्शक बोलला असता, तर 'सेटवर शिस्तीचा फार' म्हणून आपणच कौतुक केलं असतं. असो. मी सल्ले देतेय.

ती दिसायला किती सुंदर होती ते सांगा. तीनदा सांगा. पोरवयात ती न्यूयॉर्कच्या चित्रकारांसाठी मॉडेल म्हणून बसायची, एवढा आधार पुरे.

'त्या काळी बायकांना सिनेमात कुठे येऊ देत होते!' हे वाक्य ठेवून द्या, कुठेही चालतं. आपल्याकडे १९१३ मध्ये फाळक्यांच्या तारामतीला अण्णा साळुंके उभे राहिले, मग जगभर तसंच असणार. त्याच वर्षी फाळक्यांच्याच 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला पडद्यावर आल्या, हे मेबलच्या कार्यक्रमात कोण विचारतंय? आणि १९१६ मध्ये मेबलच्या स्वतःच्या नावाची निर्मितीसंस्था निघाली, तिच्यासाठी वेगळा स्टुडिओ उभा राहिला, तिथला 'मिकी' बराच काळ डब्यात पडून राहिला आणि १९१८ मध्ये लागल्यावर तुफान चालला, हे सांगून उगाच 'बिचारी'चा सूर बिघडवू नका.

चित्रपट वाट्टेल त्या वेगाने लावा. हँडल फिरवून सेकंदाला सोळा-अठरा चौकटींनी टिपलेली रिळं चोवीसने पळवली, की माणसं मुंग्यांसारखी धावतात आणि मागच्या रांगेतले हसतात. कीस्टोनवाले आधीच मुद्दाम सावकाश हँडल फिरवायचे, म्हणजे गंमत दुप्पट. त्या वेगात मेबलच्या चेहऱ्यावरचं काही दिसत नाही. दिसायचं कशाला?

आता मुख्य भाग, भानगडी. निम्मा वेळ यासाठी राखा. आवाज जरा खाली आणा. १ फेब्रुवारी १९२२ ची संध्याकाळ. दिग्दर्शक विल्यम डेस्मंड टेलर यांच्याकडून मेबल पुस्तक घेऊन निघाली, ते तिला गाडीपर्यंत सोडायला आले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा गोळी लागलेला देह घरात सापडला. इथे थांबा. पाणी प्या. खून कोणी केला हे आजवर सिद्ध झालेलं नाही आणि मेबलवर कधी आरोपही ठेवला गेला नाही, हे गिळून टाका, नाहीतर मजा जाते. मग १९२४ चा नववर्षदिन: मेबलच्या ड्रायव्हरने तिच्याच पिस्तुलाने एका श्रीमंत तेलवाल्याला गोळी घातली. तेलवाला वाचला. ड्रायव्हर निर्दोष सुटला. चित्रपटांवर ठिकठिकाणी बंदी आली ती मेबलच्या! पडद्यावरचा तिचा जोडीदार, विनोदी नट रॉस्को आर्बकल, एका नटीच्या मृत्यूच्या आरोपातून एप्रिल १९२२ मध्ये तिसऱ्या खटल्यात निर्दोष ठरला, ज्युरीने लेखी माफी मागितली, आणि आठवड्याभरात त्याचे चित्रपट बंद. त्याच्याबरोबरचे मेबलचे चित्रपट मग कोण दाखवणार?

आणि मला सांगा, चॅप्लिनवर बोलताना तुम्ही १९२७ च्या घटस्फोटापासून सुरुवात करता का? तोवरची दोन लग्नं, दोन्ही वेळा नवरी सोळा वर्षांची. ते तुम्हाला बरोबर त्याच्या कलेपासून वेगळं ठेवता येतं. ठेवा की. मग हिचं का नाही येत? हिच्याच बाबतीत का तुम्हाला अचानक पोलीस पंचनामा आठवतो? मेबल २३ फेब्रुवारी १९३० ला क्षयाने गेली, जेमतेम सदतिसाव्या वर्षी. वक्ते म्हणाले, 'अतिरेकी जीवनशैलीचा बळी.' क्षय जंतूंमुळे होतो हो, पार्ट्यांमुळे नाही. क्षयावरचं औषध स्ट्रेप्टोमायसिन यायला अजून दशकाहून जास्त काळ होता. सॅनिटोरियममध्ये पडून राहण्यापलीकडे तेव्हा कोणाच्याच हातात फारसं काही नव्हतं.

एवढ्या भाषणानंतर चित्रपट लागला. 'एक्स्ट्रा गर्ल'मध्ये सिनेमात नटी व्हायला निघालेली मेबल स्टुडिओत भलतीच कामं करत असते. तिथे एका कुत्र्याला सिंहाचं सोंग चढवलेलं आहे. तिच्या हातात दोरी येते ती मात्र खऱ्या सिंहाची. ती मागे न बघता त्याला ओढत चालते. सिंह थबकला की त्रासून दोरीला हिसका देते, हट्टी पोराला शाळेत न्यावं तशी. डोळे वटारणं नाही, हातवारे नाहीत. फक्त आपल्या कामाच्या घाईत असलेली बाई आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला सिंह. ती मागे वळून बघणार, एवढ्यात सभागृहातले दिवे लागले. प्रमुख पाहुण्यांना दुसऱ्या कार्यक्रमाला जायचं होतं. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, फोटो. फोटो पुन्हा एकदा, कारण अध्यक्षांचे डोळे मिटले होते.

आता सरळच सांगते. लाज वाटायला हवी. अमेरिकेतले बहुतांश मूकपट नष्ट झालेत. मेबलने दिग्दर्शित केलेला 'वन इन अ क्लॉझेट' २०१० मध्ये पार न्यूझीलंडच्या संग्रहात सापडला, तेव्हा कुठे परत पाहायला मिळाला. जे हाती उरलंय ते लोकांनी जपून, दुरुस्त करून तुमच्या लॅपटॉपपर्यंत आणून ठेवलंय, आणि तुम्हाला ते बोलण्याआधी एकदा बघून यायला होत नाही? 'मेबल्स स्ट्रेंज प्रेडिकामेंट' एका रिळाचा, म्हणजे पाव तासाच्या आसपासचा आहे. तुमच्या पाहुण्यांच्या परिचयाला त्याहून जास्त वेळ लागला. बघायचं नसेल तर बोलू नका. बोलायचंच असेल तर चॅप्लिनवर बोला, त्याचं नाव पत्रिकेवर छापा, आणि मेबलच्या नावाने आमच्याकडून तिकिटाचे पैसे घेऊ नका.