रिझ्युमे सगळीकडे चालत नाही
लेखात म्हटलंय रिझ्युमे दमदार असला की इंजिनिअरला नोकरी मिळतेच, ते आयटीवाल्यांपुरतं ठीक आहे हो, पण सिव्हिल-मेकॅनिकलच्या पोरांनी फार मनावर घेऊ नका. एनटीपीसी, पॉवरग्रिडसारख्या सरकारी कंपन्यांत ट्रेनी भरती बऱ्याचदा गेटच्या (इंजिनिअरिंगची देशपातळीवरची परीक्षा) स्कोअरवर होते (स्कोअर ३ वर्षं वैध असतो, पण कंपनी बहुतेकदा जाहिरातीत सांगितलेल्या वर्षाचाच धरते), तिथे रिझ्युमे किती देखणा आहे कोण बघतंय, फॉर्मच सगळं, नाव दहावीच्या सर्टिफिकेटवर आहे तस्संच पाहिजे, सीजीपीएची टक्केवारी युनिव्हर्सिटीच्या फॉर्म्युल्यानेच काढायची, आपल्या मनाने दहाने गुणायचं नाही, नॉन क्रीमी लेयरच्या दाखल्याची तारीख जाहिरातीत मागितलीये तीच. एवढ्याशा गोष्टीवरून मेरिटमधलं पोरगं डॉक्युमेंट व्हेरिफिकेशनला बाहेर पडतं, मग दाखल्यांसाठी सेतू केंद्राच्या चकरा.

प्रायव्हेटमध्ये रिझ्युमे लागतोच, पण "हार्डवर्किंग, टीम प्लेअर" कशाला लिहिता राव, बीबीएस (सळया कापायच्या-वाकवायच्या मापांचा तक्ता) बनवलं, आरसीसीची (सळया घातलेलं काँक्रीट) बिलं चेक केली, साइटवर नेमकं काय केलं ते लिहा ना. मोठ्या कंपन्या रिझ्युमे अपलोड करून घेऊन परत तेच सगळं फॉर्मात भरायला लावतात, डोकं फिरतं, तरी "रिझ्युमे पाहा" असं टाकून रकाने सोडू नका, एचआर फिल्टर लावतो तो बऱ्याचदा त्या रकान्यांवरच, अनुभव, नोटीस पीरियड वगैरे. आणि फॉर्मखाली डिक्लेरेशन असतं, त्यामुळे अनुभवाचे महिने रिझ्युमेत वेगळे, फॉर्मात वेगळे असतील तर बॅकग्राउंड चेकला सापडणारच. बॅकलॉग (राहिलेले विषय) विचारले असतील तर तेही खरे टाका.