लॅपटॉप घेताना आधी ते बघा जे नंतर बदलता येत नाही

घरी वापरायला लॅपटॉप घ्यायचाय असं कोणी म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, इंटेलचा आय५ प्रोसेसर घेऊ का आय७? आणि मला दरवेळी वाटतं की सुरुवातच भलतीकडून होतेय. घरचा वापर म्हणजे काय, तर ब्राउझरमध्ये दहा-पंधरा टॅब, बँकेची कामं, मुलांचा अभ्यास, व्हिडिओ कॉल, एखादी एक्सेल शीट, फोटो साठवणं आणि रात्री एखादा सिनेमा. एवढ्याला गेल्या चार-पाच वर्षांतला कुठलाही बरा प्रोसेसर पुरतो, अगदी आरामात पुरतो. लॅपटॉप नकोसा होतो तो दुसऱ्याच कारणांनी. स्क्रीन अंधुक असते, कीबोर्डवर बोटं दुखतात, रॅम (चालू कामासाठीची मेमरी) कमी पडते आणि वाढवायला गेलं की कळतं ती वाढवताच येत नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की प्रत्येक गोष्टीला एकच प्रश्न विचारा, हे नंतर बदलता येईल का? येणार असेल तर आज थोडं कमी घेतलं तरी बिघडत नाही, येणार नसेल तर तिथे हात आखडू नका.

सगळ्यात आधी स्क्रीन, कारण पुढची पाच-सहा वर्षं तुम्ही तिच्याकडेच बघणार आहात आणि ती बदलणं म्हणजे मोठा खर्च. जाहिरातीत फुल एचडी एवढं लिहिलेलं असतं आणि लोक तिथेच समाधानी होतात, पण फुल एचडी म्हणजे फक्त १९२० बाय १०८० पिक्सेल, त्यातून उजेड किती, रंग कसे, बाजूने बघितलं तर चित्र काळं पडतं का हे काहीच कळत नाही. स्पेसिफिकेशनमध्ये पॅनलचा, म्हणजे स्क्रीनचा, प्रकार आयपीएस आहे का ते बघा, टीएन प्रकारचं असेल तर सोडून द्या, दोघांनी शेजारी बसून व्हिडिओ बघितला तरी एकाला रंग फिके दिसतात. मग ब्राइटनेस, तो निट्स या मापात देतात. २५० निट्स बऱ्याच स्वस्त मॉडेलना असतं, खोलीत संध्याकाळी ठीक वाटतं पण दिवसा खिडकीजवळ बसलात की डोळे बारीक करून वाचावं लागतं, ३०० च्या पुढे असेल तर बरंच सुसह्य होतं. आणि कुठे ४५ टक्के एनटीएससी (स्क्रीन किती रंग दाखवते त्याचं माप) असं लिहिलेलं दिसलं तर समजा रंग फिकट असणार, फोटोतल्या माणसांचे चेहरे निस्तेज दिसतात. १६:१० आकाराची, म्हणजे नेहमीपेक्षा थोडी उंच, स्क्रीन मिळत असेल तर मी तीच घेईन, १०८० ऐवजी १२०० ओळी मिळतात, वेबपेज किंवा लांबलचक डॉक्युमेंट वाचताना सारखं स्क्रोल करावं लागत नाही. हे सगळं कंपनीच्या साइटवरच्या पूर्ण स्पेसिफिकेशनमध्ये सापडतं, जाहिरातीच्या चार ओळींत नाही, त्यामुळे तिथपर्यंत जायचा कंटाळा करू नका.

कीबोर्डचं मात्र कागदावर काही कळत नाही. शक्य असेल तर हात लावून बघा, दोन परिच्छेद टाइप करा, बस.

आता रॅम. ८ जीबी पुरते का, हा प्रश्न खूप जण विचारतात. आज पुरते, पण जेमतेम. विंडोज ११ ला कंपनीने कमीत कमी ४ जीबी सांगितलीय खरी, पण नुसतं चालू करून काही न उघडता ठेवलं तरी ३-४ जीबी सहज गेलेली दिसते, शिवाय वेगळं ग्राफिक्स कार्ड नसतं तेव्हा स्क्रीनचं काम करणारा भागही त्याच रॅममधून वाटा उचलतो, वर ब्राउझर आणि व्हिडिओ कॉल एकदम सुरू केला की भरत आलंच. म्हणून १६ जीबी. आणि १६ घेणं जमत नसेल तर निदान स्लॉट रिकामा असलेलं मॉडेल घ्या, म्हणजे दोन वर्षांनी एक पट्टी टाकता येईल. इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात, कारण पातळ लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डवरच, म्हणजे आतल्या मुख्य बोर्डवरच, सोल्डर करून पक्की जोडलेली असते. स्पेसिफिकेशनमध्ये रॅमचा प्रकार एलपीडीडीआर असा दिसला तर जवळपास नक्की समजा की ती कायमची आहे, पहिल्या दिवशी जेवढी घेतली तेवढीच शेवटपर्यंत. ॲपलच्या मॅकबुक एअरचंही तेच, तिथे तर स्टोरेजसुद्धा नंतर वाढत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये ॲपलने एअरची सुरुवातच १६ जीबीपासून केली ते फार बरं झालं, पण जुना साठा किंवा वापरलेला घेणार असाल तर ८ चा आहे का १६ चा ते नीट तपासा.

एसएसडीची, म्हणजे फायली साठवणाऱ्या ड्राइव्हची, मला एवढी चिंता वाटत नाही. ती बहुतेक वेळा एका छोट्या स्क्रूवर बसवलेली असते, ५१२ जीबी भरली तर मोठी टाकता येते, तोवर फोटो एक्स्टर्नल ड्राइव्हवर. फक्त स्टोरेजपुढे ईएमएमसी असं लिहिलेलं घेऊ नका, ते बोर्डवर चिकटवलेलं असतं, एसएसडीपेक्षा बरंच हळू चालतं आणि ६४ जीबीचं असेल तर विंडोजचे अपडेट घ्यायलाही जागा उरत नाही.

प्रोसेसर पुरतो असं वर म्हटलं, पण नावांमुळे होणारी फसगत सांगायलाच हवी कारण याचा मला खरंच राग येतो. एएमडीचा रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू, आकड्यात फरक केवढासा, पण पहिल्यात ४ कोअर (प्रोसेसरमधले प्रत्यक्ष काम करणारे भाग) आणि २०१९ मध्ये आलेली झेन २ रचना, दुसऱ्यात ६ कोअर आणि त्यानंतरची झेन ३. या ७००० सिरीजमध्ये तिसरा आकडा रचना कुठली ते सांगतो, पण खरेदी करणाऱ्या माणसाला हे कोण सांगणार? इंटेलचंही तसंच, आय३-एन३०५ मध्ये आय३ लिहिलंय पण आतले आठही कोअर वीज वाचवणाऱ्या छोट्या प्रकारचे, नेहमीच्या आय३ सारखे मोठे कोअर त्यात नाहीतच. हलक्या कामाला तो चालतो, पण तो काय आहे हे माहीत असून घ्यावा. म्हणून विक्रेत्याकडून किंवा साइटवरून प्रोसेसरचा अख्खा नंबर घ्या, अक्षरांसकट, आणि इंटेल किंवा एएमडीच्या साइटवर टाकून कोअर किती आणि कधी बाजारात आला ते बघा. पाच मिनिटांचं काम आहे. घरच्या वापराला नावाच्या शेवटी यू असलेला पुरतो, एच वाला जास्त वीज खातो, तापतो, पंखा आवाज करतो, व्हिडिओ एडिटिंग किंवा गेम नसतील तर त्याचा उपयोग काय?

एआय पीसीच्या स्टिकरबद्दलही खूप विचारणा होते. मायक्रोसॉफ्टने मे २०२४ मध्ये कोपायलट प्लस पीसी आणले, त्यासाठी ४० टॉप्सचा (टॉप्स म्हणजे वेगाचं माप) एनपीयू, म्हणजे एआयची कामं करणारा वेगळा भाग, आणि १६ जीबी रॅम लागते. त्यातली रॅम तुमच्या रोज कामाला येईल, एनपीयूसाठी म्हणून मात्र जास्त पैसे घालू नका, चॅटबॉट इंटरनेटवरच चालतात, त्यांना तो लागत नाही.

बॅटरीच्या बाबतीत "दहा तास चालते" वगैरेवर जाऊ नका, वॉट-अवर किती ते बघा. साध्या वापरात लॅपटॉप साधारण ७ वॉट खातो असं धरलं तर ४२ वॉट-अवरची बॅटरी सहा तास जाईल, ब्राइटनेस पूर्ण केला किंवा कॉलवर बसलात तर त्याहून बरीच कमी. आणि घरात बहुतेक लॅपटॉप दिवसभर चार्जरलाच लावलेले असतात, त्यामुळे ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सेटिंग असेल तर ती पहिल्याच दिवशी चालू करा, बॅटरीचं आयुष्य खूप वाढतं. टाइप-सी ने चार्ज होतो का तेही विचारा, पोर्ट दिसतो म्हणून चार्ज होईलच असं नाही.

ज्यांच्याकडे जुना लॅपटॉप आहे आणि नवा खरंच लागेल का असा प्रश्न आहे, त्यांना माझं मनापासून सांगणं, आधी आत काय आहे ते बघा. अजून फिरती हार्ड डिस्क असेल तर एसएसडी आणि रॅम टाकून तो जवळपास नव्यासारखा पळतो. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय आणि इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे जवळपास सगळे प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाहीत, पण तेवढ्यावरून चांगला चालणारा लॅपटॉप भंगारात टाकू नका, त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टीम टाकून ब्राउझर, मेल, व्हिडिओ व्यवस्थित होतं, वर्ड-एक्सेलसारखं लिबरऑफिस फुकट मिळतं. वापरलेला घेणाऱ्यांनीही ही आठव्या पिढीची रेघ लक्षात ठेवा.

नवा घरी आला की परत करायची मुदत संपायच्या आत एकदा सगळं तपासा. पांढरा आणि काळा फोटो पूर्ण स्क्रीनवर उघडून ठिपके दिसतात का, प्रत्येक पोर्टला पेनड्राइव्ह लागतो का, कॅमेरा आणि माइकवर कॉल करून आवाज कसा जातो, सगळ्या की दाबल्या जातात का. आधीपासून टाकलेला ट्रायलचा अँटीव्हायरस काढून टाका, विंडोजमधला डिफेंडर घरच्या वापराला पुरेसा आहे. आणि एक गोष्ट अगदी त्याच दिवशी करा, आजकाल बऱ्याच विंडोज लॅपटॉपमध्ये ड्राइव्ह आपोआप एन्क्रिप्ट (कुलूपबंद) होते आणि तिची रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये जाते, पुढे कधी मदरबोर्ड बदलला किंवा अकाउंटचा पासवर्ड हरवला तर त्या कीशिवाय आतले फोटो कोणीही परत काढून देऊ शकत नाही, तेव्हा ती ४८ आकडी की कागदावर उतरवून घरच्या महत्त्वाच्या कागदपत्रांच्या फायलीत ठेवा.