“लवकर गेला म्हणून मोठा झाला”? वुंडरलिशवरच्या कमेंटला माझं उत्तर

फ्रिट्झ वुंडरलिश या जर्मन टेनरवरच्या (टेनर म्हणजे पुरुषांच्या उंच पट्टीतला गायक) माझ्या लेखाखाली काल रात्री एक लांबलचक कमेंट आली. सगळे काही कमेंट वाचत नाहीत म्हणून थोडक्यात सांगतो. म्हणणं असं की मी अंधभक्तीने लिहिलंय, हा माणूस इटालियन ऑपेरे जर्मनमध्ये गायचा, ‘ग्रॅनाडा’सारखी हलकीफुलकी गाणी गायचा, वॅगनरच्या ऑपेरांतल्या मोठ्या भूमिका त्याने केल्याच नाहीत. आणि मग शेवटचं वाक्य: “पस्तिसाव्या वर्षी जिन्यावरून पडून गेला नसता तर आज त्याला कोणी विचारलंही नसतं, पण तुमच्यासारख्यांना रडायला एक फोटो लागतोच.”

हे वाक्य वाचून मी लॅपटॉप बंद केला. मतभेद असू देत ना, मी कधी नाही म्हटलंय? इथे लोक माझ्याशी कडाडून भांडतात आणि मी उत्तरंही देतो. पण “तुमच्यासारख्यांना” म्हणजे कोणाला? तुम्ही मला कधी भेटलात? एखाद्या गाण्यावर कोणी मनापासून लिहिलं की लगेच भक्त म्हणून मोकळं व्हायचं, ही सवय बरी नाही, आणि एका माणसाच्या अपघाती मरणाबद्दल या सुरात बोलणं तर मला अजिबात पटलेलं नाही.

वॅगनरचं तुमचं बरोबर आहे, ते मान्य करतो. ‘फ्लाइंग डचमन’मधला सुकाणूवाला आणि ‘टॅनहॉयझर’मधला वाल्टर अशा छोट्या भूमिकाच त्याने रेकॉर्ड केल्या, मोठ्या नाही. झालं.

आता ते शेवटचं वाक्य. तो गेला १७ सप्टेंबर १९६६ ला, हायडेलबर्गच्या हॉस्पिटलमध्ये, छत्तिसावा वाढदिवस नऊ दिवसांवर असताना, घरी बायको आणि तीन लहान मुलं. हे सगळं खरं, आणि त्यामुळे त्याच्या नावाभोवती हळहळ आहे हेही खरं. पण तुम्ही म्हणताय की मोठेपण त्या हळहळीतून आलं, म्हणून त्याच्या आधीचं बघा. १९५५ ला तो श्टुटगार्टच्या ऑपेरात लागला, अगदी नवखा, आणि तिथला मोठा टेनर योझेफ ट्राक्सेल गायला उभा राहू शकला नाही म्हणून याला मोझार्टच्या ‘मॅजिक फ्लूट’ या ऑपेरातला नायक टामिनो मिळाला. १९५९ ला साल्झबुर्गच्या फेस्टिव्हलमध्ये कंडक्टर (वाद्यवृंद चालवणारा) कार्ल बोमच्या हाताखाली श्ट्राउसचा ऑपेरा, १९६० ला म्युनिक, १९६२ ला व्हिएन्ना. १९६४ ला बोमने बर्लिन फिलहार्मोनिकबरोबर ‘मॅजिक फ्लूट’ रेकॉर्ड केला तेव्हा टामिनो हाच. क्लेम्परेर या कंडक्टरने माहलरच्या संगीतासाठी याला घेतलं, कार्ल रिश्टर या कंडक्टरने बाखच्या संगीतासाठी घेतलं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनमध्ये ८ ऑक्टोबर १९६६ ला तो ‘डॉन जोव्हानी’मधला डॉन ओत्ताव्हिओ म्हणून पहिल्यांदा उभा राहणार होता. हे सगळं ठरलं तेव्हा तो धडधाकट होता, कोणाला त्याची कीव यायचं काही कारणच नव्हतं!

आणि कंडक्टर कारायानचं काय म्हणाल? हायडनच्या ‘क्रिएशन’चं रेकॉर्डिंग अर्धवट असताना हा गेला. त्याच्या आरिया (एकट्याने गायची पूर्ण गाणी) झाल्या होत्या, रेसिटेटिव्ह (बोलल्यासारखे गायचे भाग) राहिले होते. सगळाच भाग दुसऱ्या टेनरकडून नव्याने करून घेता आला असता, पण त्याच्या आरिया तशाच ठेवल्या आणि राहिलेलं तेवढं व्हेर्नर क्रेनकडून गाऊन घेतलं. कारायानसारखा काटेकोर माणूस फक्त वाईट वाटलं म्हणून असं करेल, हे मला कोणी पटवून द्यावं.

आपल्याकडचंच बघा. मास्टर दीनानाथ १९४२ साली एक्केचाळिसाव्या वर्षी गेले. त्यांची नाट्यपदं आपण आजही ऐकतो ती ते लवकर गेले म्हणून ऐकतो का? हे वाक्य तुम्ही पुण्यात चार जाणकारांसमोर उभं राहून बोलून दाखवा.

टामिनोची पहिली आरिया ऐका, हातात पामिनाचं चित्र धरून तो गातो ती. आपल्या भाषेत सांगायचं तर षड्ज धरा आणि पहिलीच उडी मंद्र पंचमावरून थेट मध्य गंधारावर आहे, मधे एकही पायरी नाही. बहुतेक टेनर त्या गंधारावर जोर लावतात, नोट पकडल्याचं ऐकू येतं. वुंडरलिशचा आवाज तिथे पोचतो तेव्हा धक्का लागत नाही, तोच आवाज जरासा उजळतो आणि शब्द जसाच्या तसा कळतो. हे मरणाने येत नाही हो, दमसासाने येतं. फ्रायबुर्गला तो गाण्याबरोबर हॉर्नही शिकला होता, आणि श्वासाची ती ताकद त्या वाद्यातून आली असं मला कायम वाटत आलंय. शिकायला पैसे नव्हते म्हणून डान्स बँडमध्ये ट्रम्पेट आणि अकॉर्डियन वाजवायचा, गायचा. वडील तो पाच वर्षांचा असतानाच गेले, त्यांनी आत्महत्या केली होती. कूझेलसारख्या लहान गावातून, अशा घरातून हा मुलगा वर आला, आणि तुम्ही एका वाक्यात त्याला जिन्यावर नेऊन संपवता.

मी हे हवेत बोलत नाहीये. मी नोकरीनिमित्त श्टुटगार्टला बरीच वर्षं काढलीत, तिथल्या एका चर्चच्या कॉयरमध्ये टेनरच्या रांगेत उभा राहून बाखचा ‘ख्रिसमस ओरॅटोरिओ’ गायलोय, त्यामुळे ते सूर घशातून काढायला काय लागतं ते मला माहितीये, निदान कानाने ऐकून मत ठोकणाऱ्यापेक्षा तरी जास्त. आमच्या कॉयरमध्ये एक आजी होत्या, शाळेत असताना त्यांनी त्याला तिथल्या ऑपेरात स्टेजवर ऐकलं होतं, वरच्या स्वस्तातल्या जागेवरून. तेव्हा तो कोणी स्टार नव्हता, मरण तर लांबच. त्या म्हणायच्या, घरी जाताना ट्रॅममध्ये मैत्रिणी एकमेकींशी बोलल्याच नाहीत. या आजींना तुम्ही फोटो बघून रडणाऱ्या म्हणणार का?

बाकीच्या मुद्द्यांवर फार वेळ घालवत नाही. जर्मनमध्ये गाण्याचं म्हणाल तर तिथल्या थिएटरांत तेव्हा तीच पद्धत होती, स्टेजवर भाषांतराच्या पट्ट्या यायला १९८० चं दशक उजाडलं, आणि म्युनिकचा १९६५ चा ‘ला त्राविआता’ तो इटालियनमध्येच गायलाय, टेरेसा स्ट्राटासबरोबर, रेकॉर्डिंग मिळतं. ‘ग्रॅनाडा’ मला आवडतं, तुम्हाला नसेल आवडत. हलकं म्हणायचं तर म्हणा, पण मग त्याच माणसाने ह्यूबर्ट गीझेनच्या पियानोबरोबर घासूनपुसून बसवलेली शूमनची ‘डिश्टरलीबं’ ही गीतमालापण ऐका, ४ सप्टेंबर १९६६ ची, एडिनबराची. ती त्याची शेवटची मैफल. त्याला पुढचं काही माहीत नव्हतं, तेव्हा त्या गाण्यात मरण शोधू नका, नुसतं गाणं ऐका.

कमेंट मी डिलीट करत नाहीये, राहू दे. पुढचा लेख त्याचा मित्र, गायक हेरमान प्राय याच्यावर आहे. तिथेही तुम्ही याल बहुतेक, जरूर या, पण आधी म्युनिकचा १९५९ चा ‘बार्बर ऑफ सेव्हिल’ बघून या, त्यात दोघंही आहेत. आणि व्यक्तीवर घसरायचं असेल तर मी उत्तर देणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो.