"एसईओ मेलं" म्हणणारा तो मेसेज, आणि त्यातलं काय काय चुकीचं आहे

गेले बरेच महिने एक मेसेज फिरतोय, साइटसाठी लिहिणाऱ्या बहुतेकांकडे तो कुठून ना कुठून आलेला असणार. त्याचं सार असं: एसईओ, म्हणजे सर्चमध्ये आपली साइट वर दिसावी म्हणून केलेलं काम, मेलं, लोक आता एआयलाच विचारतात, म्हणून जुने लांब लेख काढून टाका, साइटवर एलएलएम्स डॉट टीएक्सटी नावाची फाइल टाका, उरलेलं सगळं दोन-दोन ओळींच्या प्रश्नोत्तरांत तोडा, एआयकडून रोज ढिगाने नवे लेख लिहून घ्या, आणि हे जमत नसेल तर सगळे एआय बॉट, म्हणजे साइटवरची पानं आपोआप वाचून नेणारे प्रोग्राम, ब्लॉक करून मोकळे व्हा. मी गप्प बसले असते, पण लोक हे खरंच करायला लागलेत, वर्षानुवर्षं खपून लिहिलेले लेख एका दिवसात डिलीट करतायत आणि त्याचा मला मनापासून त्रास होतो, म्हणून एकेक मुद्दा घेते.

"एसईओ मेलं." एआय सर्च उत्तर कसं तयार करतं ते बघा म्हणजे कळेल. मॉडेल सगळं पाठ असल्यासारखं सांगत नाही, काही ताजं किंवा नेमकं विचारलं की आधी सर्च होतो, त्यातून काही पानं उचलली जातात, त्या पानांतले उतारे वाचून उत्तर लिहिलं जातं आणि सोबत लिंका दिल्या जातात. गूगलचं एआय ओव्हरव्ह्यूज, म्हणजे रिझल्टच्या वर दिसणारा एआयचा सारांश, मे २०२४ मध्ये अमेरिकेत सुरू झालं, गप्पा मारल्यासारखं सर्च करायचं एआय मोड २०२५ मध्ये आलं, आणि दोन्ही गूगल सर्चच्याच इंडेक्सवर, म्हणजे गूगलने वाचून साठवलेल्या पानांच्या यादीवर, उभे आहेत. एआय मोडमध्ये तर तुमच्या एका प्रश्नाचे आतल्या आत अनेक छोटे प्रश्न होतात आणि प्रत्येकासाठी वेगळा सर्च मारला जातो, गूगल त्याला क्वेरी फॅन-आउट म्हणतं. आता जे पान इंडेक्समध्येच नाही, ते त्या उत्तरात येणार कुठून? साइट क्रॉल होणं (सर्चच्या बॉटला, म्हणजे क्रॉलरला, ती वाचता येणं), पान नीट उघडणं, मथळ्यात विषय कळणं, आतल्या लिंका धड असणं, हे सगळं जसंच्या तसं लागतंच. आणि सर्चमध्ये मशीन लर्निंग काही कालपरवा आलेलं नाही, गूगल सर्चमधल्या अशा प्रणालींपैकी रँकब्रेन २०१५ चं, बर्ट २०१९ चं.

त्या मेसेजमधली एक गोष्ट मात्र खरी आहे आणि ती मी लपवणार नाही: क्लिक कमी होतायत. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकन संशोधन संस्थेने अमेरिकेतल्या ९०० लोकांचं मार्च २०२५ चं ब्राउझिंग तपासलं, तर एआय सारांश दिसला तेव्हा नेहमीच्या रिझल्टवर ८ टक्के वेळाच क्लिक झालं, सारांश नसताना १५ टक्के. सारांशातल्या लिंकवर तर फक्त १ टक्का. ज्यांचं पोट त्या ट्रॅफिकवर आहे त्यांच्यासाठी हे भयंकर आहे. पण एका ओळीत संपणारं उत्तर असलेल्या पानांना याचा सगळ्यात जास्त मार बसणार हे उघड आहे, कारण सारांश वाचून माणसाचं काम तिथेच संपतं. मग सगळे लेख दोन ओळींचे करा हा सल्ला नेमका उलटा नाही का?

आता ती फाइल. एलएलएम्स डॉट टीएक्सटी हा प्रस्ताव जेरेमी हॉवर्ड यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये मांडला, कल्पना साधी होती, साइटवरची महत्त्वाची पानं एका स्वच्छ मजकुराच्या फाइलमध्ये मांडून ठेवायची म्हणजे मॉडेलला कचरा चाळावा लागणार नाही. सॉफ्टवेअरचं डॉक्युमेंटेशन असेल आणि लोक आपल्या कोडिंग असिस्टंटला ते वाचायला देत असतील तर ती उपयोगी पडू शकते, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण "ही टाकली की एआय तुम्हाला उचलणार" याला आधार नाही. गूगलने स्वतःच्या मार्गदर्शनात लिहिलंय की त्यांच्या एआय फीचर्समध्ये दिसायला कुठलीही वेगळी एआय फाइल किंवा खास मार्कअप (पानाच्या कोडमध्ये मशीनसाठी घातलेल्या खुणा) लागत नाही. गूगलचेच जॉन म्यूलर यांनी २०२५ मध्ये या फाइलची तुलना जुन्या कीवर्ड्स मेटा टॅगशी, म्हणजे पानाच्या कोडमध्ये लपलेल्या विषयाच्या शब्दांच्या यादीशी, केली होती आणि मला ती पटते. त्या टॅगमध्ये साइटवाला स्वतःच स्वतःबद्दल दावा करायचा, लोकांनी त्यात वाट्टेल ते भरलं, आणि शेवटी २००९ मध्ये गूगलला जाहीर सांगावं लागलं की वेब रँकिंगसाठी आम्ही तो बघतच नाही. फाइल टाकून नुकसान होणार नाही, पण त्यासाठी कुणी पॅकेज विकत असेल तर आधी आपला सर्व्हर लॉग, म्हणजे साइटवर कोण येऊन काय मागतं त्याची नोंद, उघडून बघा ती फाइल मागायला कोण येतंय.

"सगळं तुकड्यांत तोडा." हा मुद्दा सगळ्यात जास्त लोकांना फसवतो कारण तो अर्धा खरा आहे. मशीन अख्खा लेख नाही, बरेचदा त्यातला एक उतारा उचलतं, त्यामुळे उतारा स्वतःच्या पायावर उभा राहायला हवा हे बरोबर. "वर सांगितल्याप्रमाणे ही पद्धत त्यापेक्षा बरी" असं वाक्य एकटं काढलं तर कुठली पद्धत आणि कशापेक्षा, काहीच कळत नाही. तिथे नावं लिहा, कधीची गोष्ट आहे ते लिहा, कुठल्या परिस्थितीत लागू आहे ते लिहा. पण हे करणं वेगळं आणि लेखाचा चिवडा करणं वेगळं. दोन ओळींत आणलं की सगळ्यात आधी गळतात त्या अटी आणि अपवाद, म्हणजे नेमकं जे तुम्हाला अनुभवाने माहीत आहे आणि बाकीच्या पन्नास पानांवर नाही तेच. शिवाय प्रश्नोत्तरांचं मार्कअप टाकून सर्चमध्ये जास्त जागा मिळवण्याचा मार्ग गूगलने ऑगस्ट २०२३ मध्येच बहुतेक साइटसाठी बंद केला, तो नामांकित सरकारी आणि आरोग्यविषयक साइटपुरताच ठेवला.

यावर खरा अभ्यास झालेला आहे. प्रिन्स्टन आणि आयआयटी दिल्लीतल्या संशोधकांसह काही जणांनी नोव्हेंबर २०२३ मध्ये जीईओवर (जनरेटिव्ह इंजिन ऑप्टिमायझेशन, म्हणजे एआयच्या उत्तरांत आपला मजकूर दिसावा म्हणून केलेलं काम) एक पेपर टाकला, जीईओ हा शब्द तिथूनच पसरला. त्यांच्या चाचण्यांत स्रोत देणं, जाणकारांची विधानं घेणं, आकडे देणं याने उत्तरातली दृश्यता ४० टक्क्यांपर्यंत वाढली, आणि कीवर्ड कोंबण्याने काही फायदा झाला नाही. पण कृपा करून यावरून आकडे बनवून घुसडू नका, मी असे लेख बघितलेत, खोटा आकडा एका पानावरून एआयच्या उत्तरात जातो, तिथून दुसऱ्या लेखात, आणि मग तो कुठून आला हे कुणालाच सापडत नाही.

आणि जी गोष्ट त्या मेसेजमध्ये असायला हवी होती ती नाहीच. बरेच एआय क्रॉलर जावास्क्रिप्ट चालवत नाहीत. गूगलचा क्रॉलर गूगलबॉट चालवतो, म्हणून आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे, पण तुमचा मजकूर स्क्रिप्ट चालल्यावरच पानात येत असेल तर या बाकीच्या क्रॉलरना ते पान जवळपास कोरं दिसतं. तपासायला एक मिनिट लागतं: ब्राउझरमध्ये पानाचा सोर्स उघडा आणि लेखातलं एखादं वाक्य शोधा. सापडलं नाही तर बाकी सगळं सोडून आधी हे दुरुस्त करून घ्या.

एआयकडून रोज ढिगाने लेख, यावर फार बोलायची गरज नाही. गूगलने मार्च २०२४ मध्ये याला स्पॅम धोरणात घातलंय, रँकिंगसाठी घाऊक प्रमाणात पानं काढणं, मग ती माणसाने लिहिलेली असोत की मशीनने. एआयची मदत घेऊ नका असं ते म्हणत नाहीत, मीही म्हणत नाही. पण जे मॉडेलला आधीच माहीत आहे तेच त्याच्याकडून लिहून घेतलं तर दुसऱ्या मॉडेलने तुमचा हवाला का द्यावा?

राहिला शेवटचा मुद्दा, सगळे बॉट ब्लॉक करा. आपलं लिखाण ट्रेनिंगला द्यायचं नाही असं कुणी ठरवलं तर तो त्यांचा हक्क आहे आणि मला तो पूर्ण मान्य आहे. फक्त कुठला बॉट काय करतो ते बघून ठरवा. जीपीटीबॉट चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयच्या मॉडेलच्या ट्रेनिंगसाठी आहे, चॅटजीपीटीच्या सर्चसाठी ओएआय-सर्चबॉट वेगळा आहे, म्हणजे पहिल्याला नाही म्हणून दुसऱ्याला हो म्हणता येतं. रोबोट्स डॉट टीएक्सटीमध्ये गूगल-एक्स्टेंडेड हे नाव अडवलं तर मजकूर गूगलच्या जेमिनी या एआयच्या ट्रेनिंगमधून बाहेर राहतो, पण एआय ओव्हरव्ह्यूजवर काहीच फरक पडत नाही, कारण तिथे गूगलबॉटच वापरला जातो. तिथून मजकूर बाहेर ठेवायचा तर नोस्निपेटसारखा टॅग लागतो, आणि त्याने साध्या रिझल्टमध्ये लिंकखाली दिसणारा उताराही जातो, हा सौदा कडू आहे आणि मला तो अन्यायकारक वाटतो. शिवाय रोबोट्स डॉट टीएक्सटी, म्हणजे कुठल्या बॉटने यावं आणि कुठल्याने नाही हे लिहायची साइटवरची फाइल, ही १९९४ पासूनची विनंतीवजा पद्धत आहे, ती पाळायची की नाही हे येणाऱ्या बॉटवर आहे.

तो मेसेज वाचून कुणी घाईत कुठलातरी तयार कोड रोबोट्स डॉट टीएक्सटीमध्ये चिकटवला असेल तर आजच ती उघडा आणि एकेक ओळ वाचा, त्यात गूगलबॉट किंवा ओएआय-सर्चबॉट अडवलेला नाही ना ते बघा. आणि जुने लेख डिलीट केले असतील तर होस्टिंगवाल्याकडे बॅकअप मागा, बहुतेक ठिकाणी तो थोडेच दिवस ठेवतात.